न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी आणि पडद्याचा प्रश्न

१८९७ साली लोकमान्य टिळकांना जामीन देणारे न्यायमूर्ती म्हणून बद्रुद्दीन तय्यबजींचे नाव आपण ऐकले असेल. १८४४ साली मुंबईत जन्मलेले तय्यबजी १८६७ मध्ये विलायतेत बॅरिस्टर झाले. १८७४ साली अंजुमन-ए-इस्लामच्या स्थापनेत त्यांनी पुढाकार घेतला. १८८७ मध्ये ते काँग्रेसचे अध्यक्ष झाले.

परंतु त्यांचे खरे धैर्य त्यांच्या घरात दिसले. मुली पडद्यात राहण्याच्या त्या काळात त्यांनी आपल्या मुलींना शाळेत घातले. पुढे काहींना विलायतेसही धाडले. १९०३ साली मुंबईत भरलेल्या मुस्लिम शिक्षण परिषदेचे अध्यक्ष या नात्याने त्यांनी स्पष्ट सांगितले की, आपल्याकडे रूढ झालेला कडक पडदा धर्माच्या आज्ञेपलीकडचा असून तो स्त्रीशिक्षणाच्या आड येतो. १९०६ साली लंडन येथे ते निवर्तले.

स्त्रीने कोणता पेहराव करावा, हे आजही बहुधा पुरुषच ठरवतात. बुरखा घ्यायला लावणारा तिला विचारत नाही आणि काढायला लावणाराही विचारत नाही. तय्यबजींनी आधी मुलीच्या हाती पुस्तक दिले. आपल्या रहिमतपुरात घरोघरी एवढे झाले, तर पेहरावाचा निर्णय ती स्वतःच समजून-उमजून घेईल.