हिमवादळांचे अभ्यासक सर जॉर्ज सिम्प्सन

दक्षिण ध्रुवाच्या मोहिमेंत प्राण वेंचणाऱ्या कॅप्टन स्कॉट यांचें नांव तुम्हांस ठाऊक असेलच. परंतु त्या मोहिमेचे हवामानशास्त्रज्ञ आपल्या सिमल्याहून गेले होते, हें बहुतेकांस ठाऊक नसतें.

जॉर्ज सिम्प्सन यांचा जन्म १८७८ सालीं इंग्लंडांतील डर्बी येथें झाला. मँचेस्टर व गटिंगेन येथें विद्याभ्यास करून १९०६ सालीं ते हिंदुस्थानच्या हवामानखात्यांत आले, व १९१० सालीं स्कॉटसाहेबांनीं त्यांस बरोबर घेतलें.

केप एव्हान्स येथील लांकडी घराजवळच्या टेकडीवर त्यांनीं वायुमापक यंत्रें उभारलीं. वरच्या हवेचें उष्णमान कळावें म्हणून ते हायड्रोजनचे फुगे सोडीत. यंत्रास बारीक रेशमी दोरा बांधलेला असे. तें खालीं पडलें कीं त्या दोऱ्याच्या मागानें बर्फ तुडवीत जाऊन तें शोधावें लागे.

तिकडील हिमवादळांत नवें हिम पडलेंच पाहिजे असें नाहीं. सोसाट्याचा वारा भूमीवरचेंच भुरभुरीत हिम उचलतो आणि पुढें केलेला आपला हातही दिसेनासा होतो. ४ जुलै १९११ रोजीं डॉ. ॲटकिन्सन थोड्याच अंतरावरील उष्णतामापक पाहण्यास निघाले आणि वाट चुकून कित्येक तास भटकत राहिले. परतले तेव्हां हिमदंशानें हात सुजला होता. अशा वादळांत उष्णमान उतरण्याऐवजीं चढतें! प्रथम हें वाचलें तेव्हां मला छापखान्याची चूक वाटली. पण शांत हवेंत अतिथंड थर बर्फालगत निजून असतो व त्याच्या वर अधिक ऊन हवा असते; वारा दोन्ही घुसळून टाकतो.

परंतु असें वादळ केव्हां येईल हें आधीं सांगणें निराळें. भाकितास दूरदूरच्या अनेक ठाण्यांवरील वायुभार एकाच वेळीं कळावा लागतो. हिंदुस्थानांत तारायंत्रानें तें साधलें होतें. येथें हाताशीं अवघें एक ठाणें. एकटा वायुभारमापक कितीसें सांगणार?

मार्च १९१२ च्या आरंभीं खात्याच्या निकडीमुळें सिम्प्सनसाहेब जहाजानें परतले. त्याच महिन्याच्या अखेरीस, शिध्याच्या कोठारापासून ११ मैलांवर, वादळानें तंबूंत कोंडलेले स्कॉट, विल्सन व बॉवर्स गतप्राण झाले. नोव्हेंबरांत तंबू सांपडला. त्यांत बॉवर्स यांची हवामानाची नोंदवही होती. ज्यांच्यासह एका घरांत हिंवाळा काढला, त्यांच्याच हातचे आंकडे सिम्प्सनसाहेबांस जुळवावे लागले. तें काम १९१९ सालीं कलकत्त्यास छापून निघालें.

१९२० सालीं ते ब्रिटिश हवामानखात्याचे प्रमुख झाले. १९२३ सालीं ऑक्सफर्ड येथील व्याख्यानांत त्यांनीं आपला निर्णय सांगितला : त्या मार्चांतील थंडी नेहमींची नव्हती, ती आधीं न ओळखल्याचा दोष स्कॉट यांस देतां येत नाहीं. हा स्नेह्याचा पक्षपात आहे असें कोणी म्हटलें असतें, तर पडताळा दाखविण्यास त्या हिममैदानावर दुसरें ठाणें नव्हतें. १९६५ सालीं ते निवर्तले.

१९८५ पासून त्या मार्गावर स्वयंचलित यंत्रें उभीं राहिलीं. त्यांचे १५ वर्षांचे आंकडे सूझन सॉलोमन या अमेरिकन विदुषीनें तपासले व २००१ सालीं ग्रंथ लिहिला. त्या १५ वर्षांपैकीं एकाच वर्षीं मार्चांत १९१२ सारखी थंडी पडली होती.