खेड्यापर्यंत चित्रवाणी नेण्याचा ध्यास घेतलेले शास्त्रज्ञ – डॉ. विक्रम साराभाई

भिलाईला लागून असलेले जामुल हे सिमेंट कारखान्यासाठी ओळखले जाणारे छोटे शहर छत्तीसगडच्या दुर्ग जिल्ह्यात आहे. १९५६ पर्यंत हा प्रदेश नागपूर ही राजधानी असलेल्या राज्याचा भाग होता. या परिसरात चित्रवाणी आली ती महानगरांपेक्षा निराळ्या वाटेने. मुंबई आणि दिल्लीत आधी प्रक्षेपण मनोरा उभा राहिला. छत्तीसगडच्या खेड्यांत मात्र चित्र प्रथम उपग्रहावरून उतरले आणि मनोरा त्यानंतर आला. हा क्रम योगायोगाने ठरलेला नव्हता. त्यामागे डॉ. विक्रम साराभाई यांचा विचार होता.

साराभाई यांचा जन्म १२ ऑगस्ट १९१९ रोजी अहमदाबाद येथील एका संपन्न उद्योजक कुटुंबात झाला. केंब्रिज येथे शिक्षण घेत असताना दुसरे महायुद्ध सुरू झाल्याने ते मायदेशी परतले आणि बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत सर सी. व्ही. रामन यांच्या मार्गदर्शनाखाली विश्वकिरणांचा अभ्यास करू लागले. १९४७ मध्ये त्यांनी केंब्रिजची डॉक्टरेट मिळवली आणि त्याच वर्षी अहमदाबाद येथे भौतिकी संशोधन प्रयोगशाळा स्थापन केली. १९६२ मध्ये अंतराळ संशोधनासाठी राष्ट्रीय समिती नेमण्यात आली व तिचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. २१ नोव्हेंबर १९६३ रोजी केरळमधील थुंबा येथून पहिले अग्निबाण उड्डाण झाले. डॉ. होमी भाभा यांच्या अपघाती निधनानंतर १९६६ मध्ये अणुऊर्जा आयोगाची धुराही साराभाई यांनी स्वीकारली.

गरीब देशाने अंतराळावर खर्च का करावा, हा प्रश्न त्या काळी वारंवार विचारला जात असे. साराभाई यांनी त्याचे उत्तर शेती, आरोग्य आणि शिक्षण यांत शोधले. १९६७ मध्ये दिल्लीच्या आसपासच्या ८० खेड्यांत सार्वजनिक दूरचित्रवाणी संच बसवून शेतकऱ्यांसाठी कृषिदर्शन हा कार्यक्रम सुरू झाला. त्यामागे त्यांचा पुढाकार होता.

संपूर्ण देशात चित्रवाणी न्यायची तर मनोऱ्यांची साखळी उभारण्यास कित्येक वर्षे लागणार होती आणि खेड्यांचा क्रम सर्वांत शेवटी लागणार होता. साराभाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर संमिश्र व्यवस्थेचा पर्याय मांडला. दूरवरच्या खेड्यांनी उपग्रहाचे संदेश स्वतःच्या अँटेनावर थेट घ्यावेत. दाट वस्तीच्या भागात तेच संदेश मोठ्या अँटेनावर घेऊन मनोऱ्यावरून पुन्हा प्रक्षेपित करावेत, म्हणजे घराच्या छपरावरील साध्या अँटेनालाही ते मिळतील. उपग्रह आणि मनोरा यांना त्यांनी प्रतिस्पर्धी न मानता एकाच वितरण व्यवस्थेचे दोन भाग मानले.

सप्टेंबर १९६९ मध्ये अमेरिकेच्या नासा या संस्थेशी उपग्रहाच्या वापराबाबत करार झाला. त्याच वर्षी १५ ऑगस्ट रोजी भारतीय अंतराळ संशोधन संस्था, म्हणजेच इस्रो, अस्तित्वात आली होती. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ आर्वी येथे उपग्रह दळणवळणाचे भूकेंद्रही याच काळात उभे राहिले. मात्र ३० डिसेंबर १९७१ रोजी केरळमधील कोवळम येथे साराभाई यांचे झोपेतच निधन झाले. ते अवघे ५२ वर्षांचे होते. पुढे आर्वीच्या केंद्राला विक्रम हे त्यांचे नाव देण्यात आले.

त्यांच्या पश्चात, १ ऑगस्ट १९७५ रोजी, साइट या नावाने ओळखला जाणारा उपग्रह शैक्षणिक दूरचित्रवाणी प्रयोग सुरू झाला. कोल्हापूरचे डॉ. एकनाथ चिटणीस आणि पुण्याचे प्रमोद काळे यांच्यासारख्या मराठी शास्त्रज्ञांचा त्यात मोलाचा वाटा होता. नासाचा एटीएस-६ हा उपग्रह पूर्व आफ्रिकेच्या माथ्यावर, सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवर आणून ठेवण्यात आला. सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत कोंबड्यांच्या खुराड्याला वापरतात तशा तारेच्या जाळीपासून बनवलेले, सुमारे १० फूट व्यासाचे अँटेना बसवण्यात आले. तत्कालीन मध्य प्रदेशातील रायपूर परिसराचा त्यात समावेश होता. सकाळी शाळकरी मुलांसाठी आणि सायंकाळी मोठ्यांसाठी, असे दररोज चार तास कार्यक्रम होत असत. गुजरातमध्ये खेडा जिल्ह्यातील पीज येथे लहान मनोऱ्यावरून स्थानिक कार्यक्रमांबरोबरच उपग्रहावरील कार्यक्रमांचेही प्रक्षेपण करण्याची सोय होती.

उपग्रह उसना होता. ३१ जुलै १९७६ रोजी मुदत संपली आणि खेड्यांतील पडदे कोरे झाले. १९७७ पासून रायपूर, गुलबर्गा, संबलपूर आदी ठिकाणी मनोरे उभारून सेवा पुढे चालू ठेवण्यात आली, परंतु मनोऱ्याच्या टप्प्याबाहेरील गावांना पुन्हा वाट पाहावी लागली. स्वतःचा उपग्रह का हवा, हे या अनुभवाने स्पष्ट केले. १९८३ मध्ये इन्सॅट-१बी अवकाशात गेला, त्याच्या आधारे १९८४ पासून दूरदर्शनची लघुशक्ती प्रक्षेपण केंद्रे झपाट्याने वाढली आणि साराभाई यांची संमिश्र व्यवस्था देशव्यापी झाली.

१९९० च्या दशकात केबलचालकांच्या गच्चीवर हीच जोडणी व्यावसायिक रूपात दिसू लागली. खासगी वाहिन्यांसाठी मोठी तबकडी आणि तिच्या शेजारी दूरदर्शनचे स्थानिक प्रक्षेपण पकडणारा साधा अँटेना, अशा दोन्हींचे संदेश एकाच तारेतून घरोघरी जाऊ लागले. दूरदर्शनच्या किमान दोन वाहिन्या दाखवणे १९९५ च्या केबल कायद्याने बंधनकारक केले. नफ्यासाठी चालणाऱ्या व्यवस्थेतही सार्वजनिक प्रसारणाला जागा असावी, हा त्यामागील हेतू होता.

दूरदर्शनचे बहुतेक जुने ॲनालॉग मनोरे २०२२ पर्यंत बंद झाले असून मासिक शुल्क नसलेल्या डीडी फ्री डिशचे संदेश आता खेड्यातील लहान तबकडीवर थेट उपग्रहावरून येतात. छत्तीसगडमध्ये चित्रवाणीची सुरुवात ज्या वाटेने झाली होती, तीच वाट आज सार्वजनिक प्रसारणाचा मुख्य आधार बनली आहे. रांगेत शेवटी उभ्या असलेल्या गावाला प्रथम जोडण्याचा साराभाई यांचा आग्रह किती दूरदृष्टीचा होता, याची साक्ष त्यातून मिळते.