सर रॉबर्ट पील

लंडनच्या रस्त्यावर उभ्या असलेल्या पोलीस शिपायाला तेथील लोक प्रेमाने बॉबी म्हणतात. रॉबर्ट या नावाचे हे घरगुती रूप होय. आपल्याकडे रामचंद्राचा रामू व्हावा, तसेच ते. ज्या रॉबर्टचे नाव या शिपायांना मिळाले, तो स्वतः कधी शिपाई नव्हता की सेनापतीही नव्हता. तो एका कापड कारखानदाराचा मुलगा होता आणि पुढे दोन वेळा इंग्लंडचा पंतप्रधान झाला.

रॉबर्ट पीलचा जन्म ५ फेब्रुवारी १७८८ रोजी लँकेशायर परगण्यात बरी या गावी झाला. बापाचे नावही रॉबर्टच. सुती कापड विणण्याच्या व त्यावर छपाई करण्याच्या धंद्यात त्याने अपार संपत्ती मिळविली होती. मुलाने देशाच्या कारभारात नाव काढावे, हा त्याचा ध्यास होता. दर रविवारी चर्चमधून परतल्यावर तो लहानग्या रॉबर्टला समोर उभा करी आणि तेथे ऐकलेले प्रवचन आठवेल तसे म्हणून दाखवावयास लावी. प्रथम मुलाला चार-दोन वाक्येच आठवत. हळूहळू सबंध प्रवचन त्याच्या मुखातून येऊ लागले. त्याच्या विलक्षण स्मरणशक्तीचे मूळ येथे आहे.

या बापाची आणखी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. त्याच्या कारखान्यांत अनाथ मुले उमेदवार म्हणून राबत असत. मालक तेथे क्वचितच फिरके. मुलांवर देखरेख करणाऱ्या मुकादमांचा मोबदला निघणाऱ्या मालावर अवलंबून असे. साहजिकच ते मुलांना बेसुमार राबवीत. कधी काळी पाहणीस गेल्यावर त्या फिकट, खुरटलेल्या मुलांकडे पाहून मालकाचे मन त्याला खाऊ लागले. त्याने १८०२ साली पार्लमेंटकडून एक कायदा मंजूर करून घेतला. अशा मुलांना दिवसाला बारा तासांहून अधिक काम देऊ नये, रात्री राबवू नये आणि थोडेफार शिक्षण द्यावे, असे त्यात ठरले. कायद्याची अंमलबजावणी फारशी झाली नाही, हे खरे. तथापि आपल्या छपराखाली वावरणाऱ्या मुलांचे पालकत्व आपल्याकडे आहे, आणि मुकादमाच्या हातून झालेला जुलूम मालकाच्याच खाती जमा होतो, हे त्याने सर्वांसमक्ष कबूल केले. त्या वेळी धाकटा रॉबर्ट चौदा वर्षांचा होता.

हॅरोच्या शाळेत पुढे कवी म्हणून गाजलेला बायरन त्याचा सोबती होता. ऑक्सफर्ड येथे १८०८ साली त्याने प्राचीन भाषा व गणित या दोन्ही विषयांत पहिला वर्ग मिळविला. एकविसाव्या वर्षी तो पार्लमेंटचा सभासद झाला. निवडून आला असे म्हणण्यापेक्षा बापाने पैसे खर्चून त्याला आयर्लंडमधील एक जागा मिळवून दिली, असे म्हणणेच सत्याला धरून होईल. त्या काळी ही रीतच होती.

१८१२ साली, अवघ्या चोविसाव्या वर्षी, त्याच्यावर आयर्लंडचा कारभार आला. तो देश तेव्हा धुमसत होता. इंग्रजी अमलाला आणि जमीनदारांना विटलेले शेतकरी रात्री टोळ्या करून हल्ले करीत, आणि सरकार लष्कर पाठवी. पीलने १८१४ साली तेथे खास सशस्त्र पोलीस दल उभारले. लोक त्या शिपायांना रागाने पीलर म्हणू लागले. याच पीलने पुढच्या वर्षी आयरिश पुढारी डॅनियल ओकॉनेल याच्याशी झालेल्या शाब्दिक चकमकीवरून चिडून पिस्तुलांचे द्वंद्व खेळण्याचे ठरविले आणि त्यासाठी समुद्र ओलांडून ऑस्टेंडपर्यंत मजल मारली! ओकॉनेलला वाटेत लंडन येथे अटक झाली, म्हणून तो प्रसंग टळला. दुसऱ्यांना शांतता शिकविणाऱ्याला स्वतःचा राग आवरणे किती कठीण असते, हे मी वर्गात हाती छडी घेऊन पुष्कळ वर्षे अनुभवले आहे. म्हणून या बाबतीत पीलला फार दोष देववत नाही.

१८१९ हे साल त्याच्या आयुष्यात महत्त्वाचे ठरले. नोटांच्या बदली पुन्हा सोने देण्यास बँकेने आरंभ करावा की नाही, हा प्रश्न त्या वर्षी पार्लमेंटपुढे होता. बाप आणि मुलगा दोघेही सभागृहात बसलेले, आणि दोघांची मते परस्परविरुद्ध! थोरल्या पीलने विरोधाचे भाषण केले. त्यानंतर मुलगा उठला. वडिलांविषयी पूर्ण आदर राखून, पण आपल्या मतापासून तिळभरही न ढळता तो बोलला. ठराव मुलाच्या बाजूने झाला. म्हणून घरातील जिव्हाळ्यास तडा गेला नाही.

त्याच वर्षी १६ ऑगस्ट रोजी मँचेस्टर येथे सेंट पीटरच्या मैदानावर सुमारे साठ हजार लोक मताधिकार मागण्यासाठी जमले होते. पुष्कळांनी ठेवणीतले कपडे घातले होते. बायका आपली मुले बरोबर घेऊन आल्या होत्या. दंडाधिकाऱ्यांनी वक्त्याला पकडण्याचा हुकूम केला आणि घोडेस्वार तलवारी उपसून गर्दीत घुसले. निदान पंधरा माणसे मेली, सहाशेंवर जखमी झाली. मृतांत आईच्या हातून निसटलेले एक दोन वर्षांचे मूलही होते. पीलने त्या वेळी सरकारचीच बाजू घेतली, ही गोष्ट त्याच्या चरित्रातून वगळता येणार नाही. परंतु जमावापुढे सरकारजवळ एक तर काहीच नाही, नाहीतर थेट तलवार, ही अवस्था किती घातक आहे, हे त्या दिवशी साऱ्या देशाला दिसले.

१८२२ साली पील गृहमंत्री झाला. इंग्लंडात त्या वेळी दोनशेंहून अधिक अपराधांना फाशीची शिक्षा होती. पीलने त्यांतील कितीतरी अपराधांची फाशी रद्द केली. केवळ जरब बसवून चोऱ्या थांबत नाहीत. चोर पकडला जाईल ही खात्री हवी, हे त्याला पटले होते. लंडनची वस्ती बारा लाखांच्या वर गेली होती आणि रात्रीच्या पहाऱ्याला काठी-कंदील घेतलेले म्हातारे चौकीदार! तरीही पोलीस दल नेमण्यास लोक राजी नव्हते. सरकारी पोलीस म्हणजे घरोघरी हेर, असे त्यांना वाटे. खुद्द पीलच्या अध्यक्षतेखाली १८२२ साली नेमलेल्या समितीनेही ही कल्पना फेटाळली. त्याने धीर सोडला नाही. सात वर्षांनी, १८२९ साली, कायदा संमत झाला आणि २९ सप्टेंबरच्या संध्याकाळी नवे शिपाई प्रथम रस्त्यावर आले.

या शिपायांचा वेष फार विचारपूर्वक ठरविलेला होता. लष्कराचा डगला लाल, म्हणून यांचा निळा. डोक्यावर शिरस्त्राण नाही, तर नागरिकांसारखी उंच टोपी. तलवार नाही, बंदूक नाही. डगल्याखाली दिसणार नाही अशी एक आखूड लाकडी काठी आणि मदतीला हाक देण्यासाठी खुळखुळा. गळपट्टीवर प्रत्येकाचा क्रमांक, म्हणजे कोणी अरेरावी केली तर नागरिकाला तक्रार करता यावी. चार्ल्स रोवन आणि रिचर्ड मेन हे या दलाचे पहिले दोन आयुक्त. गुन्हा घडूच न देणे हे पहिले काम, सर्वांशी सभ्यतेने वागावे, कोणी डिवचले तरी तोल जाऊ देऊ नये, अशा त्यांच्या आज्ञा होत्या. पीलची नऊ तत्त्वे म्हणून जी यादी आज प्रसिद्ध आहे, ती मात्र विसाव्या शतकात तयार झाली.

आज्ञा काढणे सोपे. पहिल्या क्रमांकाचा शिपाई पहिल्याच दिवशी दारू प्यालेला सापडला आणि त्याला काढून टाकावे लागले. पुढे शेकडो शिपायांची हीच गत झाली. लोक रस्त्यात त्यांची टर उडवीत. १३ मे १८३३ रोजी कोल्ड बाथ फील्ड्स येथे बंदी घातलेली एक सभा मोडताना पोलिसांनी काठ्या चालविल्या. गर्दीत एक शिपाई सुऱ्याच्या घावाने मेला. चौकशीस बसलेल्या पंचांनी पोलिसांनी आधी पुरेशी ताकीद दिली नाही व क्रूरपणे मारहाण केली असे ठरवून ही हत्या समर्थनीय असल्याचा निर्णय दिला! वरच्या न्यायालयाने तो रद्द केला, पार्लमेंटच्या समितीनेही पोलिसांना दोषमुक्त केले. मेलेल्या शिपायाचा दोष काय होता, हा प्रश्न मला अजून सुटत नाही. पण ज्यांच्या पाठीवर काठ्या बसल्या, त्यांचा राग खोटा होता असेही म्हणवत नाही.

येथे आपल्या देशाशी असलेला संबंध सांगितला पाहिजे. १८६१ च्या कायद्याने हिंदुस्थानात पोलीस दलाची घडण झाली, ती लंडनच्या निःशस्त्र शिपायाच्या धर्तीवर नव्हे, तर आयर्लंडच्या सशस्त्र दलाच्या धर्तीवर. स्वदेशात मित्र हवा, परदेशात दरारा हवा, असा हा हिशेब होता. स्वातंत्र्याच्या लढ्यात आपल्या वडीलधाऱ्यांच्या पाठीवर जी लाठी उतरली, ती या हिशेबातली.

पील १८३४-३५ साली काही महिने आणि पुढे १८४१ पासून पाच वर्षे पंतप्रधान होता. जानेवारी १८४३ मध्ये एका भ्रमिष्टाने पील समजून त्याच्या चिटणीसावर मागून गोळी झाडली. दुसरे पिस्तूल उगारले जात असतानाच एका पोलीस शिपायाने धावत येऊन त्याला धरले. चिटणीस वाचला नाही.

१८४५ साली आयर्लंडात बटाट्याच्या पिकावर रोग पडून दुष्काळ ओढवला. परदेशी धान्यावरील जबर कर उठविल्यावाचून गत्यंतर नाही, असे पीलने ठरविले. त्याच्या पक्षातील जमीनदार खवळले. २५ जून १८४६ च्या रात्री कर उठविणारा कायदा वरिष्ठ सभागृहात संमत झाला. आणि त्याच रात्री, आयर्लंडात दडपशाहीचे जादा अधिकार मागणारे त्याचे दुसरे विधेयक कनिष्ठ सभागृहाने फेटाळल्यामुळे त्याचे मंत्रिमंडळ कोसळले.

२९ जून १८५० रोजी लंडनमध्ये फेरफटका करीत असता घोडा बुजला. पील खाली पडला आणि घोडा त्याच्या अंगावर आला. तीन दिवस तो असह्य वेदनांत होता. घराबाहेर गोरगरिबांची दाट गर्दी लोटली. डॉक्टरांची प्रकृतिपत्रके दारावर येत. पण जमलेल्यांपैकी कित्येकांना वाचता येत नव्हते. तेव्हा निळ्या डगल्याचा शिपाई ते पत्रक हातात घेऊन मोठ्याने वाचून दाखवी आणि सारा जमाव निश्चल उभा राहून ऐके. २ जुलैच्या रात्री शेवटची बातमी आली.