पिअर क्यूरी : थरथरीतील वीज ओळखणारे शास्त्रज्ञ

घोरावाडी स्टेशनातून गाडी धडधडत गेली की फलाट क्षणभर थरथरतो. अशा थरथरीतूनही थोडी वीज मिळते. या विद्येचा पाया घालणारे थोर शास्त्रज्ञ म्हणजे पिअर क्यूरी.

त्यांचा जन्म १५ मे १८५९ रोजी पॅरिस येथे झाला. एकाच विषयात गढून जाणाऱ्या या मुलाला डॉक्टर वडिलांनी मंद न ठरवता घरीच शिकविले. १८ व्या वर्षी ते पदवीधर झाले. पण पैशाअभावी पुढील शिक्षण लांबले व प्रयोगशाळेत सहायकाची नोकरी पत्करावी लागली. तरीही १८८० साली, थोरले बंधू झाक यांच्यासह, क्वार्ट्झसारखा स्फटिक दाबला असता त्यावर विद्युतभार निर्माण होतो हे त्यांनी दाखवून दिले. या गुणावर आधारलेल्या उपकरणानेच पुढे पत्नी मेरी यांनी किरणोत्सर्ग मोजला. डॉक्टरेट मिळण्यास १८९५ साल उजाडले. १९०३ मध्ये उभयतांना नोबेल पारितोषिकाचा मान लाभला. १९ एप्रिल १९०६ रोजी घोडागाडीखाली सापडून त्यांचे निधन झाले.

आज धातूच्या पातळ पट्टीवर दाबाने वीज देणारे द्रव्य चिकटवून तिचे एक टोक पुलाला किंवा यंत्राला घट्ट बसवितात. कंपनाने मोकळे टोक हलते, पट्टी वाकते व वीज निर्माण होते. ती घर उजळण्याइतकी नसते. पण पुलाची स्थिती कळविणारे छोटे उपकरण चालविण्यास पुरू शकते.

पालकांनो, मूल सावकाश शिकते म्हणून त्याचे शिक्षण थांबवू नका. विद्यार्थी मित्रांनो, नोकरी करावी लागली तरी अभ्यास सोडू नका.