रंग हुकले, रेषा साधली

चित्रकार होण्यासाठी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना (१८६९-१९५६) रंगांधळेपणामुळे कुंचला सोडावा लागला. मग ते यंत्ररेखाटनाकडे वळले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये तोच विषय शिकवू लागले. एकमेकांत बसणाऱ्या भागांमधील फट कागदावरच चुकली, तर यंत्र अडते किंवा खडखडते. तेथे रंग नव्हे, माप महत्त्वाचे. याच शिस्तीतून बेळगावात त्यांचा लोखंडी नांगर घडला. लोखंडाने जमीन विषारी होते, या समजुतीपायी पहिले नांगर दोन वर्षे पडून राहिले. बेळगावची जागा सोडावी लागल्यावर औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी कुंडलजवळचा माळ दिला. १९१० मध्ये तेथे किर्लोस्करवाडी वसली. कुंडल रोड स्थानकालाही पुढे तेच नाव मिळाले.