जोतीराव फुले आणि पुण्याची मंडई

जुन्या बाजारपेठांच्या इमारतींविषयी लोकांच्या मनात अलीकडे मोठे प्रेम उत्पन्न झाले आहे. मुंबईस काळा घोड्यानजीक आर्मी अँड नेव्ही स्टोअर्सची जुनी वास्तू उभी आहे. एके काळी एकाच छपराखाली टोपीपासून तंबूपर्यंत सर्व वस्तू मिळण्याचे ते ठिकाण होते, आणि ते दुकान बंद होऊन पिढ्या लोटल्या तरी वाटसरू मान वर करून तिच्या कमानींकडे पाहतात. आपल्या परभणीच्या मोंढ्यात असे काही प्रेक्षणीय नाही. तेथे पत्र्याची छपरे, कापसाच्या गाड्या आणि धूळ. म्हणून गेल्या काही वर्षांत सहलीच्या निमित्ताने आमची मुले पुण्यास जातात तेव्हा शुक्रवार पेठेतील मंडईसमोर ती हटकून थांबतात. काळ्या दगडाच्या भिंती, टोकदार कमानी, मध्यभागी अष्टकोनी मनोरा आणि त्याच्या सभोवार आठही दिशांना पसरलेल्या लांब शाखा, असे बाजाराचे रूप त्यांनी यापूर्वी कोठेही पाहिलेले नसते. प्रवेशद्वारावर महात्मा फुले यांचे नाव वाचले म्हणजे ही इमारत त्यांनीच बांधविली असावी, असे पुष्कळांस वाटते. वस्तुस्थिती याच्या अगदी उलट आहे, आणि ती समजण्यासाठी त्या थोर पुरुषाचे चरित्र थोडे मुळापासून सांगितले पाहिजे.

जोतीरावांचा जन्म १८२७ साली पुण्यात झाला. त्यांचे घराणे मूळचे सातारा जिल्ह्यातील कटगुणचे, आडनाव गोऱ्हे. पेशव्यांच्या वाड्यात फुले, गजरे व हार पुरविण्याचे काम या घराण्याकडे आले आणि त्या व्यवसायावरून लोक त्यांस फुले म्हणू लागले. १८१८ साली पेशवाई बुडाली, तरी हातचा धंदा बुडाला नाही. वडील गोविंदराव मळा करीत, फुले व भाजीपाला विकीत. म्हणजे जोतीराव हे बाजारात वाढलेले मूल होते. कोथिंबिरीची जुडी उन्हात किती वेळ टिकते आणि उरलेल्या मालाचे सायंकाळी काय होते, हे त्यांस पुस्तकातून शिकावे लागले नाही. पुढच्या हकिकतीत याचे महत्त्व आहे.

मूल वर्षाचेही झाले नव्हते तोच आई चिमणाबाई निवर्तल्या. सगुणाबाई क्षीरसागर या नात्यातील विधवा स्त्रीने त्यांचा सांभाळ केला. सगुणाबाई एका मिशनरी कुटुंबात मुले सांभाळण्याचे काम करीत असत, आणि शिकलेल्या घराची रीत त्यांनी तेथे जवळून पाहिली होती. असे असूनही प्राथमिक शाळेतून जोतीरावांस लवकरच काढण्यात आले. माळ्याच्या पोराने अक्षरे गिरवून काय करावयाचे, असे सांगणारे लोक गोविंदरावांस भेटले आणि त्यांस ते पटले. मुलगा मळ्यात राबू लागला. गफार बेग मुन्शी व लेजिट साहेब या दोन शेजाऱ्यांनी मात्र त्याची बुद्धी हेरली होती. त्यांनी वडिलांचे मन वळविले आणि १८४१ साली, वयाच्या चौदाव्या वर्षी, जोतीराव पुण्यातील स्कॉटिश मिशनच्या शाळेत दाखल झाले. वर्गातील इतर मुलांहून ते थोराड दिसत असतील. आमच्या शाळेतही मळ्यातून उशिरा आलेली अशी मुले मी पाहिली आहेत. मागच्या बाकावर ती काही दिवस फार अवघडून बसतात.

सहा वर्षांत इंग्रजी शिक्षण आटोपले. टॉमस पेन या ग्रंथकाराचे मानवी हक्कांवरील पुस्तक त्यांनी सदाशिव बल्लाळ गोवंडे आदिकरून मित्रांसह वाचले. १८४८ साली एका ब्राह्मण मित्राच्या लग्नाच्या वरातीत चालत असता जातीवरून त्यांचा अपमान झाला. त्याच वर्षी अहमदनगरास अमेरिकन मिशनच्या मिस फरार यांची मुलींची शाळा त्यांच्या पाहण्यात आली. अपमान सोसून घरी बसणारे पुष्कळ असतात. जोतीरावांनी पुण्यास येऊन बुधवार पेठेत भिडे यांच्या वाड्यात मुलींची शाळा काढली. पत्नी सावित्रीबाई तेथे शिकवू लागल्या. सावित्रीबाईंस प्रथम घरीच शिकविण्यात आले. पुढे नगरास मिस फरार व पुण्यास मिसेस मिचेल यांच्याकडे त्यांचे अध्यापनाचे शिक्षण झाले. गावात गवगवा झाला, वडिलांवर दडपण आले, आणि १८४९ साली पतिपत्नीस राहते घर सोडावे लागले. उस्मान शेख यांनी त्यांस आसरा दिला. पुढे अस्पृश्य गणल्या गेलेल्या मुलांसाठीही शाळा निघाल्या. १८५२ च्या नोव्हेंबरात मेजर कँडी यांच्या हस्ते सरकारने जोतीरावांचा सत्कार केला. त्या वेळी ते पंचवीस वर्षांचे होते.

बालहत्या प्रतिबंधक गृह, १८६८ साली अस्पृश्यांसाठी खुला केलेला घरचा हौद, १८७३ सालचे गुलामगिरी हे पुस्तक व त्याच वर्षी २४ सप्टेंबरास स्थापिलेला सत्यशोधक समाज, ही कार्ये पाठ्यपुस्तकांतून तुम्हांस ठाऊक आहेत, सबब येथे विस्तार करीत नाही. पाठ्यपुस्तके ज्याविषयी बहुधा गप्प असतात ती गोष्ट ही की, जोतीराव हे उत्तम व्यापारी व कंत्राटदार होते. त्यांच्या शाळा, त्यांचे समाजकार्य हे वर्गणीवर जसे चालले तसे त्यांच्या स्वतःच्या कमाईवरही चालले. धातू ओतण्याच्या साहित्याची विक्री त्यांनी केली. पुणे कमर्शियल अँड कॉन्ट्रॅक्टिंग कंपनी या नावाने बांधकामाची कामे घेतली. खडकवासल्याचे धरण बांधले जात असता दगड, चुना वगैरे माल पुरविण्याचे काम त्यांजकडे होते. मांजरीस त्यांची बागाईत होती. बांधकाम खात्यात पैसा कोठे मुरतो हे त्यांनी कंत्राटदाराच्या जागेवरून पाहिले आणि आपल्या लेखनात निर्भीडपणे मांडले. यास्तव, पुढे मंडईच्या कामी ते जे बोलले ते दगडचुन्याचे ज्ञान नसलेल्या माणसाचे बोलणे नव्हते.

१८७६ साली सरकारने जोतीरावांस पुणे नगरपालिकेचे सभासद नेमले व १८८२ पर्यंत ते त्या पदावर होते. पहिलीच वर्षे भीषण दुष्काळाची होती. १८७७ साली सत्यशोधक समाजाच्या वतीने धनकवडी येथे दुष्काळग्रस्त मुलांसाठी अन्नछत्र चालविण्यात आले. उपाशी मुलांच्या पंगती पाहून आलेला मनुष्य सभागृहात बसला म्हणजे खर्चाचे आकडे त्यास निराळे दिसत असले पाहिजेत. १८८० साली गव्हर्नर जनरलांच्या स्वागतासाठी एक हजार रुपये मंजूर करण्याचा विषय निघाला. हा पैसा पुण्यातील गरिबांच्या शिक्षणासाठी खर्च करावा असे जोतीरावांनी सुचविले. सरकारने नेमलेल्या इतर सभासदांस ते मानवले नाही. ठरावाविरुद्ध एकट्या जोतीरावांचे मत पडले. त्याच साली शहरात दारूची दुकाने वाढत चालल्याबद्दलही त्यांनी नगरपालिकेकडे लेखी तक्रार केली होती.

याच सुमारास मंडईचा प्रश्न पुढे आला. तोपर्यंत पुण्याचा भाजीबाजार शनिवारवाड्यासमोरील उघड्या पटांगणात भरत असे. पावसाळ्यात चिखल, उन्हाळ्यात धूळ, माल ठेवण्यास आडोसा नाही. पक्की मंडई हवी होती यात शंका नाही. मुंबईस आर्थर क्रॉफर्ड या आयुक्तांच्या कारकिर्दीत १८६९ साली भव्य मार्केट उभे राहिलेच होते. विल्यम एमर्सन यांनी त्याचा आराखडा केला आणि लॉकवुड किपलिंग यांनी त्याच्या दर्शनी भागावर शेतकऱ्यांची शिल्पे कोरविली. पुण्यासही असेच काही डौलदार असावे, अशी इच्छा होणे स्वाभाविक होते. परंतु खर्च लाखांच्या घरात जाणार होता. जोतीराव व त्यांचे सहकारी हरि रावजी चिपळूणकर यांनी विरोध केला. एवढी रक्कम दगडी मनोऱ्यात घालण्यापूर्वी ती शिक्षणाकडे वळवावी, हे जोतीरावांचे म्हणणे.

येथे थोडे थांबावेसे वाटते. स्वतः भाजीवाल्याचा मुलगा, स्वतः बागाईतदार, स्वतः बांधकामाचा कंत्राटदार; मंडई झाल्याने ज्यांचे कल्याण व्हावयाचे ती सारी माणसे त्याच्या नात्यागोत्याची. असा मनुष्य मंडईस नको म्हणतो. मला प्रथम हे वाचून आश्चर्य वाटले, आणि खरे सांगावयाचे तर त्यांचे म्हणणे पूर्णपणे पटलेही नाही. भिजत बसलेल्या माळणीच्या डोक्यावर छप्पर घालणे हेही पुण्यकर्मच की. तथापि त्यांचा आक्षेप छपरावर नव्हता. ज्या पटांगणात माळीण बसत होती तेथेच तिचे मूलही बसलेले होते, आणि त्या मुलासाठी पाटी-पेन्सिलीची सोय नव्हती. हे मूल त्यांस दिसत होते. १८८२ साली हंटर साहेबांच्या शिक्षण आयोगापुढे त्यांनी जे निवेदन सादर केले त्यातही हेच गाऱ्हाणे आहे: शेतकऱ्यांकडून गोळा होणाऱ्या महसुलातून उच्च वर्गाचे शिक्षण पोसले जाते आणि ज्याच्या घामाचा तो पैसा त्याचे पोर निरक्षर राहते. प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत, असे त्यांनी मागितले. पुढच्याच वर्षी त्यांनी शेतकऱ्याचा असूड हा ग्रंथ सिद्ध केला.

विरोधाचा उपयोग झाला नाही. कर्नल ड्यूकाट यांच्या नकाशाबरहुकूम वासुदेव बापूजी कानिटकर यांनी बांधकाम केले आणि १८८६ साली मंडई उघडली. तत्कालीन गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावावरून तिचे नाव रे मार्केट असे पडले. काही वर्षे तर वरच्या बाजूस नगरपालिकेची कचेरी आणि खाली भाजीचे ओटे अशी व्यवस्था होती. विक्रेते उंच ओट्यांवर बसत, गिऱ्हाईक खालून मान वर करून भाव विचारी. पुढे पुष्कळ सभा तेथे झाल्या, वादविवाद रंगले, आणि पुणेकर तिला थट्टेने मंडई विद्यापीठ म्हणू लागले. शाळेसाठी भांडणाऱ्याचा पराभव करून बांधलेल्या इमारतीस विद्यापीठ म्हणावे, हा योगायोग मोठा मौजेचा आहे.

जोतीरावांचा बाणा अखेरपर्यंत पालटला नाही. १८८८ च्या मार्चमध्ये हरि रावजी चिपळूणकर यांनी ड्यूक ऑफ कॅनॉट यांस मेजवानी दिली. जडजवाहीर ल्यालेल्या पाहुण्यांत जोतीराव शेतकऱ्याच्या वेषात गेले आणि या राणीपुत्रास त्यांनी सांगितले की, येथे जमलेल्या मंडळींवरून हिंदुस्थानच्या रयतेची कल्पना करू नये, ती पाहावयाची असेल तर खेड्यांत जावे. त्याच वर्षी ११ मे रोजी मुंबईस मांडवीच्या कोळीवाड्यात जनतेने त्यांस महात्मा ही पदवी दिली. दोन महिन्यांनी पक्षाघात झाला व उजवा हात गेला. तेव्हा त्यांनी डाव्या हाताने लिहिण्याचा सराव केला आणि सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक पुरे केले. ते छापून निघाले १८९१ साली. परंतु २८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव निधन पावले होते. सावित्रीबाई १८९७ च्या प्लेगात रुग्णांची सेवा करता करता गेल्या.

मंडईची गोष्ट एवढ्यावर संपत नाही. १९२४ साली तिच्या आवारात लोकमान्य टिळकांचा पुतळा उभा राहिला. पुढल्याच वर्षी केशवराव जेधे यांनी जोतीरावांचा पुतळा व्हावा म्हणून नगरपालिकेत प्रयत्न केला, तो कडव्या विरोधामुळे फसला. पुढे १९३८ च्या सुमारास आचार्य अत्रे नगरपालिकेत असता रे मार्केटचे नाव बदलून महात्मा फुले मंडई असे करण्यात आले. ज्यास चौथऱ्याएवढी जागा नाकारली त्याच्या नावे अखेर सारी मंडई झाली. स्वातंत्र्यानंतर मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटासही जोतीरावांचेच नाव मिळाले.

२०२४ च्या डिसेंबरात आम्ही नववीची मुले घेऊन पुण्यास गेलो होतो. प्रथम भिडे वाडा पाहावयाचा, असा माझा बेत. मंडईपासून तो चालण्याच्या अंतरावर, दगडूशेठ गणपतीच्या समोर. जेथे १८४८ साली मुलींची शाळा भरली त्या वाड्यात पुढे दुकाने आली. वाडा जीर्ण होत गेला, स्मारकाचा प्रश्न कोर्टात वर्षानुवर्षे पडून राहिला. अखेर सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर दुकाने रिकामी झाली व २०२३ च्या डिसेंबरात उरलेली वास्तू स्मारकासाठी पाडण्यात आली. आम्ही गेलो तेव्हा तेथे पत्र्याचे कुंपण होते. मुलींनी फटीतून डोकावून पाहिले, आत माती होती. एकीने विचारले की शाळा कोठे आहे, आणि मला चटकन उत्तर सुचले नाही.

तेथून आम्ही मंडईत आलो. मनोऱ्यावर कबुतरे बसली होती, आत थंडावा होता, आणि सव्वाशेहून अधिक वर्षे पायांनी घासून गुळगुळीत झालेल्या फरशीवरून हमालांची ये-जा चालली होती. मुले फारच खूष झाली. मीही झालो, हे नाकारीत नाही. एका ओट्यावर पेरू मांडून बसलेल्या आजीबाईंस आमच्यातील एका मुलाने ही इमारत कोणाची म्हणून विचारले. महात्मा फुल्यांची, असे त्यांनी वर न पाहताच सांगितले. त्यांच्या शेजारी त्यांची नात मांडीवर वही घेऊन गणिते सोडवीत बसली होती. आम्ही दोन किलो पेरू घेतले. हिशेब आजीबाईंनी नातीस करावयास सांगितला आणि उरलेले पैसे तिने मोजून बरोबर परत दिले.