मागण्यापलीकडची प्रार्थना : रेव्हरंड ना. वा. टिळक

मित्रहो, आपल्या वर्गात मराठीच्या तासाला एक कविता होती. बाणाने घायाळ झालेली पक्षीण आणि घरट्यात वाट पाहणारी तिची पिले. ‘केवढे हे क्रौर्य!’ हे तिचे नाव. ती म्हणताना मागच्या बाकावरची दंगा करणारी मंडळीही गप्प होत. कवीचे नाव रेव्हरंड नारायण वामन टिळक. ‘रेव्हरंड’ म्हणजे काय हे तेव्हा आपल्याला ठाऊक नव्हते. काहींना वाटे हे लोकमान्यांचेच दुसरे नाव असावे. परीक्षेत कवीपरिचय दोन गुणांना येई, तेवढ्यापुरते जन्मगाव पाठ करायचे आणि विसरायचे.

या मेळाव्याच्या स्मरणिकेसाठी लिहायला बसलो तेव्हा तीच कविता आठवली आणि त्या माणसाचे आयुष्य पुन्हा वाचून काढले. वाचता वाचता आपल्या शाळेचा परिपाठ डोळ्यांपुढे आला. मैदानात रांगा, हात जोडलेले, डोळे मिटलेले, आणि मिटल्या डोळ्यांनी शेजाऱ्याला कोपर मारणारे आपण. प्रार्थना रोज होत होती, पण प्रार्थना म्हणजे काय हे कोणी विचारले असते तर आपण काय सांगितले असते? टिळकांचे सारे आयुष्य या एका प्रश्नामागे गेले.

टिळकांचा जन्म 6 डिसेंबर 1861 चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा. घर चित्पावन ब्राह्मणाचे. वडील तापट आणि कडक, आई जानकीबाई कवितेची, भजनाची आवड असलेली. मुलगा आईच्या बाजूचा. लहान वयातच आई गेली आणि घराशी असलेला धागा तुटला. नारायण नाशिकला आला. तिथे गणेशशास्त्री लेले यांनी त्याला संस्कृत शिकवले. इंग्रजी शाळेतही तो थोडे दिवस गेला, पण परिस्थितीमुळे शिक्षण पुरे झाले नाही. पुढे ज्याच्या कविता शाळाशाळांत शिकवल्या गेल्या, त्याची स्वतःची शाळा अर्धवट सुटली, हे आपल्यासारख्यांनी ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

1880 मध्ये नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांच्या मुलीशी त्यांचे लग्न झाले. सासरी तिचे नाव लक्ष्मी ठेवले. वय अवघे अकरा. त्यानंतरची वर्षे भटकंतीची. आज या गावी मास्तरकी, उद्या त्या गावी कीर्तन-प्रवचन, परवा छापखान्यात. टिळक शीघ्रकवी होते, वक्ते होते, आणि हातात पैसा टिकू न देणारे होते. घरात पीठ नसताना दारी आलेल्याला जवळचे देऊन मोकळे होत. राग नाकावर. तोही क्षणात यायचा आणि क्षणात जायचा. हे सारे लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’ या पुस्तकात हसत हसत सांगून ठेवले आहे. नवऱ्याला देव करून बसवले नाही, म्हणूनच त्या पुस्तकावर विश्वास बसतो.

नागपुरात अप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने टिळकांनी वेदवाङ्मयाचा अभ्यास केला, ‘ऋषी’ नावाचे मासिक चालवले. पण मन स्वस्थ नव्हते. जातिभेदाने पोखरलेला आपला समाज एक कसा होईल, देश उभा कसा राहील, हा ध्यास होता. त्यासाठी नवा धर्मच काढावा, असेही त्यांच्या मनात आले आणि त्याची तत्त्वे त्यांनी मनाशी ठरवली. देव एक, तो सर्वांचा बाप, माणसे सारी भावंडे, असा त्याचा गाभा. म्हणजे देवाविषयी विचार भरपूर होता, पण देवाशी बोलणे अजून सुरू झाले नव्हते.

1893 च्या सुमाराला नोकरीसाठी ते नागपूरहून राजनांदगावला आगगाडीने निघाले. डब्यात एक युरोपियन गृहस्थ भेटले. संस्कृत काव्यावर गप्पा रंगल्या. उतरण्यापूर्वी त्या गृहस्थांनी नव्या कराराची प्रत हाती दिली आणि तुम्ही दोन वर्षांत ख्रिस्ती व्हाल असे भाकीत केले. टिळकांना ते हास्यास्पद वाटले. तरी शब्द दिला म्हणून पुस्तक उघडले. पेन्सिल घेऊन खुणा करत वाचू लागले आणि डोंगरावरच्या प्रवचनापाशी येऊन थबकले. आपण ज्या प्रश्नांची उत्तरे शोधत होतो ती इथे आधीच दिलेली आहेत, असे त्यांना वाटले.

मित्रहो, त्या प्रवचनातच प्रार्थनेविषयीची शिकवण आहे. चव्हाट्यावर उभे राहून लोकांना दिसेल अशी प्रार्थना करू नका, आपल्या खोलीत जा, दार लावा आणि गुप्तपणे पाहणाऱ्या आपल्या पित्याशी बोला. फार बोलण्याचीही गरज नाही, कारण तुमची गरज त्याला आधीच ठाऊक असते. आता विचार करा. गरज आधीच ठाऊक असेल तर मग मागायचे काय? आणि मागायचे नसेल तर प्रार्थनेला बसायचे कशाला? टिळकांना पुढे याचे जे उत्तर सापडले ते सोपे आहे. लेकरू आईजवळ काही मागायलाच बसते असे नाही. नुसते जवळ असावे म्हणूनही बसते.

पण हे उत्तर स्वस्तात मिळाले नाही. मुंबईच्या अमेरिकन मराठी मिशनचे जस्टिन ॲबट यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार झाला. हेच ॲबट पुढे आपल्या संतांची चरित्रे आणि काव्य इंग्रजीत नेणारे म्हणून ओळखले गेले. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत टिळकांनी बाप्तिस्मा घेतला, तोही गोऱ्या पाद्र्याकडून न घेता तुकाराम नथोजी या देशी पाळकांच्या हातून. त्या दिवशी त्यांनी काय गमावले याचा हिशेब मांडला पाहिजे. जात गेली, नातलग गेले, मित्रांनी पाठ फिरवली. सगळ्यात मोठे म्हणजे बायको आणि लहानगा दत्तू दुरावले. लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. नवरा जिवंत असून नसल्यासारखा. त्या माहेरच्यांच्या आधाराने राहिल्या, रडल्या, रागावल्या, आजारी पडल्या. देवाच्या शोधात निघालेल्या माणसाने आपल्या घरातल्या माणसांना केवढे दुःख दिले, हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. लक्ष्मीबाईंनी ते झाकलेले नाही आणि टिळकांनाही ते कधी हलके वाटले नाही.

चार-पाच वर्षांच्या त्या ताटातुटीत टिळक नगरला राहिले. मिशनच्या धर्मशिक्षणाच्या शाळेत शिकवू लागले. बायकोला पत्रे लिहीत, पण धर्माची सक्ती करीत नसत. पुढे ती मुलाला घेऊन नगरला आली तेव्हाही आपले सोवळे, आपली चूल तिने वेगळी ठेवली आणि टिळकांनी ते चालू दिले. हळूहळू तिच्याच मनाने घेतले की जात देवाने केलेली नाही, माणसाने केलेली आहे. 1900 मध्ये तिने बाप्तिस्मा घेतला. नवऱ्याने ओढून नेले म्हणून ती गेली नाही, स्वतःच्या पायांनी चालत गेली. ज्याची प्रार्थना खोल होत जाते त्याचा दुसऱ्यावरचा जोर कमी होत जातो, असे मला हे वाचताना वाटले. रागीट टिळकांना हे थांबणे जमले, हीच त्यांच्या प्रार्थनेची पहिली मोठी परीक्षा होती.

आपल्या राजुरीतून जाणारा कल्याण-नगर रस्ता बेल्ह्यावरून पुढे त्याच नगरला जातो. आपल्यातले कितीतरी जण शिक्षणासाठी, बाजारासाठी त्या रस्त्याने गेले आहेत. त्या शहरात आणि पुढे राहुरीत हा कवी राहत होता. 1904 मध्ये त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली आणि नावामागे ते ‘रेव्हरंड’ लागले. बालकवी ठोंबरे हा कोवळा कवी त्यांच्याच घरी मुलासारखा वाढला. 1912 पासून ‘ज्ञानोदय’ या पत्राचा मराठी भाग ते पाहत होते.

त्या काळी मराठी चर्चमध्ये गायली जाणारी गीते पुष्कळशी इंग्रजीवरून उतरवलेली असत. चाल परकी, शब्द कसेबसे बसवलेले. नगरमध्ये ख्रिस्ती कीर्तनाचा प्रयोग पूर्वी झाला होता. टिळकांनी तो धागा धरला आणि पुढे नेला. त्यांनी अभंग लिहिले, पदे लिहिली, हाती वीणा-झांजा घेऊन कीर्तने केली. मराठी ख्रिस्ती उपासनेच्या गीतसंग्रहात त्यांची गीते शेकड्यांनी मोजावी लागतात. आजही गावोगावच्या चर्चमधून ती गायली जातात.

हा फरक नुसत्या चालीचा नव्हता. परक्या भाषेत माणूस अदबीने बोलतो, आपल्या भाषेत हट्ट करतो, रुसतो, भांडतो, गप्प बसतो. आपल्या मुलखाला हे सांगायला नको. तुकोबांचे गुरू बाबाजी चैतन्य यांची समाधी आपल्या तालुक्यात ओतूरला आहे. ज्ञानोबांनी ज्याच्या मुखी वेद वदवले त्या रेड्याची समाधी शेजारच्या आळ्यात. विठोबाला माउली म्हणून अरे-तुरे करणे आपल्या आजीने कुठल्या पुस्तकात वाचले नव्हते. टिळकांनी हीच जवळीक ख्रिस्ताच्या पायाशी नेली. ख्रिस्त त्यांना दूरच्या सिंहासनावरचा राजा राहिला नाही, तो माउली झाला, गुरू झाला, सखा झाला. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो, असे ते मानत. त्यासाठी त्यांना मिशनमधल्या काहींचा रोषही पत्करावा लागला, कारण अनेकांना अभंग म्हणजे मागे टाकून आलेल्या धर्माची खूण वाटे.

त्यांची गीते क्रमाने वाचली तर प्रार्थनेची पायरी बदलत गेलेली दिसते. आधी देशासाठी, समाजासाठी, स्वतःच्या दोषांसाठी मागणे आहे. मग कृतज्ञता येते. पुढे नुसती ओढ, विरह, भेटीचा आनंद. शेवटी तर भक्त आणि देव यांच्यात मागणारा कोण आणि देणारा कोण हेच उरत नाही. आणि तरी हा माणूस जगापासून पळाला नाही. प्लेगच्या काळात रोग्यांमध्ये वावरला, अनाथ मुले घरी आणली, फुलांवर आणि मुलांवर कविता केल्या.

1909 मध्ये त्यांनी ओवीबद्ध ‘ख्रिस्तायन’ लिहायला घेतले. येशूचे चरित्र आपल्या पोथ्यांच्या थाटात सांगायचे, अशी कल्पना. अकरा अध्याय झाले आणि ते अपुरे राहिले. 1917 मध्ये तर त्यांनी मोठेच पाऊल उचलले. मिशनचे काम आणि पगार सोडून ख्रिस्ती संन्यास पत्करला. साताऱ्याला जाऊन ‘देवाचा दरबार’ उभा करायला घेतला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, पण ख्रिस्तावर प्रेम करणारे सारे तिथे भावंडांसारखे राहावेत, असा तो बेत होता. वय पंचावन्न उलटलेले, प्रकृती ढासळलेली, गाठीला काही नाही. नव्या धर्माची तत्त्वे ठरवणाऱ्या त्या तरुणाचे स्वप्न, सारी माणसे एका बापाची लेकरे, इतक्या वर्षांनी असे परत आले. फरक एवढाच की पूर्वी तो विचार होता, आता तो सहवासातून आला होता.

दरबार नीट उभा राहायच्या आतच 9 मे 1919 रोजी मुंबईत टिळकांचे निधन झाले. ‘ख्रिस्तायन’ पुरे केले लक्ष्मीबाईंनी. जिची शाळा कधी झालीच नाही, जिला नवऱ्याने घरी अक्षरे शिकवली, जिने त्याच्या धर्मांतराने एकेकाळी ऊर फुटेस्तोवर रडून घेतले, तिने त्यात आणखी चौसष्ट अध्यायांची भर घातली. 1936 मध्ये त्या गेल्या आणि 1938 मध्ये ग्रंथ प्रसिद्ध झाला. दोघांच्या संसारातली भांडणे सर्वांना ठाऊक आहेत, पण एकाची अर्धी राहिलेली प्रार्थना दुसऱ्याने पुरी केली, हे तेवढेच ठाऊक असायला हवे.

मित्रहो, आपण आता त्या वयाला आलो आहोत की मागण्यांची यादी आपोआप आखूड होते. मुलांच्या नोकऱ्या, लग्ने, विहिरीचे पाणी, दुधाचा भाव, सारे मागून झाले. काही मिळाले, काही नाही. आपल्यातले काही जण आज या मेळाव्याला नाहीत, त्यांच्यासाठीही कधीतरी मागून झाले होते. अशा वेळी देवापुढे हात जोडले की शब्द सुचत नाहीत आणि आपली श्रद्धा कमी झाली की काय अशी शंका येते. टिळकांचे आयुष्य वाचून मला धीर आला तो इथे. शब्द संपले म्हणजे प्रार्थना संपली असे नव्हे. आपण जवळ बसलो आहोत आणि त्याला ते माहीत आहे, एवढे पुरते. तुमचा देव मंदिरातला असो, मशिदीतला असो वा चर्चमधला, हे बसणे एकच आहे.

मेळाव्याच्या दिवशी पुन्हा एकदा परिपाठ घ्यायचे ठरले आहे. रांगेत उभे राहू, डोळे मिटू. यावेळी शेजाऱ्याला कोपर मारायचे की नाही ते ज्याने त्याने ठरवावे. पण प्रार्थना संपल्यावर लगेच रांग मोडू नका. क्षणभर तसेच उभे राहू या.